उसना श्वास

सायंआरती आटोपून मंडळी मुसी नदीच्या बाजूस निघाली म्हणजे उस्मानिया दवाखान्याचे घुमट दृष्टीस पडतात. अफझलगंजात राहणाऱ्या, तसेच गौळीगुडा, जामबाग, बेगमबाजार या भागांतून आपल्या मंदिरात येणाऱ्या कुटुंबांस त्या घुमटांची इतकी सवय होऊन गेली आहे की, त्या आवारात आजवर किती माणसांनी एकेका श्वासासाठी झुंज दिली असेल याचे स्मरण सहसा कोणास होत नाही. आमचेही तसेच होते. परंतु गेल्या पावसाळ्यानंतर आपल्याच परिवारातील एका गृहस्थांनी आम्हांस एक प्रश्न विचारला आणि तेव्हापासून त्या रस्त्याने जाताना आमचे पाऊल जड होते.

हे गृहस्थ वर्षानुवर्षे काकड आरतीस उपस्थित असत. वडिलांच्या निधनानंतर ते येईनासे झाले. आले तरी सभामंडपाच्या खांबाआड बसत, गाभाऱ्यापुढे येत नसत. चौकशी केली तेव्हा प्रथम त्यांनी टाळाटाळ केली. पुढे एके दिवशी म्हणाले, "वडिलांस तापातून न्यूमोनिया झाला, मग दोन्ही फुप्फुसे भरली, कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवावे लागले. अकराव्या दिवशी डॉक्टरांनी मला बोलावून सांगितले की मूत्रपिंडे थांबली, रक्तदाब औषधानेही टिकत नाही, आता यापुढे जे करू त्याने ते परत येणार नाहीत. मी कागदावर सही केली. आपण सांगा, मी पित्याचा श्वास थांबविला की नाही?"

या प्रश्नाचे उत्तर धर्माच्या एका वाक्याने द्यावे, असा मोह आम्हांस त्या वेळी झाला होता. तो आम्ही आवरला. कारण, ज्या गोष्टीविषयी निर्णय द्यावयाचा ती गोष्ट प्रथम नीट जाणून घेतल्यावाचून दिलेला निर्णय, मग तो कितीही सुभाषितांनी सजविलेला असो, दुखावलेल्या माणसाच्या उपयोगी पडत नाही. आम्ही वैद्य नव्हे. तथापि जाणत्या डॉक्टरांस विचारून आणि वाचून जे समजले ते येथे मांडतो.

त्या गृहस्थांच्या वडिलांस जे झाले त्यास डॉक्टर मंडळी 'ए. आर. डी. एस.' असे म्हणतात. आपल्या भाषेत त्यास तीव्र श्वसनत्रासाचा लक्षणसमूह म्हणता येईल. हा स्वतंत्र रोग नव्हे, तर दुसऱ्या एखाद्या आघाताचा फुप्फुसांवर उमटलेला परिणाम होय. न्यूमोनिया, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, पोटातील अन्न किंवा आम्ल श्वासनलिकेत जाणे, मोठा अपघात, स्वादुपिंडाचा दाह, आपल्याकडील मलेरिया, स्क्रब टायफस, लेप्टोस्पायरोसिस यांसारखे ताप, आणि २०२० व २०२१ साली ज्याने घरोघरी हाहाकार माजविला तो कोविड, यांपैकी कशानेही ते ओढवू शकते; आणि बहुधा मूळ आघातापासून आठवड्याच्या आतच ओढवते.

आपल्या फुप्फुसांत तीस कोटींहून अधिक वायुकोश असतात. हे सर्व उलगडून सपाट मांडले तर त्यांचे क्षेत्रफळ सुमारे ७० चौरस मीटर भरेल, म्हणजे आपल्या सभामंडपात अंथरलेल्या सतरंज्यांनाही मागे टाकील, असे एका डॉक्टरांनी आम्हांस हसत सांगितले. वायुकोशाची भिंत इतकी पातळ असते की श्वासातील प्राणवायू तीमधून सहज रक्तात जातो. या भिंतीस सर्वत्र दाह झाला म्हणजे ती गळू लागते, रक्तातील पाणी आणि प्रथिने वायुकोशांत उतरतात, वायुकोशांस आतून मोकळे ठेवणारा जो साबणासारखा स्निग्ध थर असतो तो नष्ट होतो, आणि एकामागून एक वायुकोश मिटत जातात. फुप्फुसे ओल्या स्पंजाप्रमाणे जड आणि ताठर होतात. रोगी छाती भरून श्वास घेत असतो, हवा आत जात असते, पण प्राणवायू रक्तास पोचत नाही. पाण्याच्या काठी बसून तहानेने मरावे, तशी ही अवस्था.

अशा वेळी यंत्र काय करते? लोकांची समजूत अशी की यंत्र रोग बरा करते. ही समजूत चुकीची आहे, आणि आमच्या मते पुढील बहुतेक नैतिक घोटाळा येथूनच उत्पन्न होतो. यंत्र बरे काहीच करीत नाही. मूळ कारणावर औषधे चालू असताना आणि दाह आपला आपण ओसरत असताना, रोग्यास त्या काळापुरता श्वास उसना देणे एवढेच त्याचे काम. सावकार कर्ज देतो. शेत पिकविणे हे पावसाचे आणि कुळाचे काम. पीक येण्याची आशा असेल तोवर कर्जास अर्थ असतो.

उसना श्वास देण्याची ही विद्या फार जुनी नाही. १९५२ च्या ऑगस्टात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भयंकर साथ आली. तेथील ब्लेगडॅम रुग्णालयात श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या ३१ रोग्यांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नामक भूलतज्ज्ञाने गळ्यास छिद्र पाडून त्यातून नळी घालून रबरी पिशवी हाताने दाबीत श्वास देण्याची युक्ती काढली. पिशवी दाबावयास माणसे कोठून आणावी? वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी आले. पाळीपाळीने, रात्रंदिवस, महिनोन्‌महिने, एकंदर सुमारे पंधराशे विद्यार्थ्यांनी परक्या मुलाबाळांसाठी पिशव्या दाबल्या. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. अतिदक्षता विभागाचा जन्म तेथलाच मानला जातो. परोपकाराची इतकी स्वच्छ उदाहरणे आम्हांस फार माहीत नाहीत: दुसऱ्याचा श्वास अक्षरशः आपल्या मुठीत धरून बसलेला वीस-बावीस वर्षांचा तरुण, आणि समोर डोळे उघडे ठेवून त्याच्याकडे पाहणारे मूल.

पुढे १९६७ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथील डॉ. ॲशबॉ, डॉ. पेटी आणि त्यांचे सहकारी यांनी १२ रोग्यांची हकीकत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध करून या श्वसनत्रासास प्रथम वेगळे ओळखले. त्या बारांपैकी सात जण वाचले नाहीत. यानंतरची तीसेक वर्षे डॉक्टर करुणेने एक चूक करीत राहिले, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने ती चूकच सर्वांत बोधप्रद आहे. रोग्यास हवा कमी पडते, तर त्यास भरपूर हवा द्यावी, असा सरळ विचार करून ते मोठमोठे श्वास यंत्राने आत लोटीत. इटलीच्या डॉ. गाटिनोनी यांनी क्ष-किरण चित्रांचा सूक्ष्म अभ्यास करून दाखविले की, या विकारात फुप्फुस सर्व ठिकाणी सारखे ताठर झालेले नसते. बराच भाग मिटलेला असतो आणि जो थोडा भाग उघडा असतो त्याचा आकार एखाद्या लहान मुलाच्या फुप्फुसाएवढा असतो. मोठ्या माणसाच्या मापाचा श्वास त्या चिमुकल्या भागात कोंबला तर तो फाटतो, सुजतो आणि तेथून दाह साऱ्या शरीरात पसरतो. २००० साली अमेरिकेत ८६१ रोग्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींस शरीराच्या अपेक्षित वजनाच्या दर किलोमागे १२ मिलिलिटर, तर काहींस अवघा ६ मिलिलिटर श्वास दिला होता. पहिल्यांत शंभरी सुमारे ४० मृत्यू झाले, दुसऱ्यांत ३१. म्हणजे निम्मा श्वास देऊन अधिक माणसे वाचली! त्याचप्रमाणे, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील प्रयोगात तीव्र विकाराच्या रोग्यांस दिवसाचे सोळा तास पालथे निजविले असता २८ दिवसांतील मृत्यू शंभरी ३३ वरून १६ वर उतरले. कोविडच्या दिवसांत आपल्या घरांतूनही लोक पालथे झोपत असत, त्यामागचे शास्त्र ते हेच.

दयेलाही माप असावे लागते, ही गोष्ट यंत्रापाशी बसलेल्या डॉक्टरांस आकड्यांनी शिकविली. आम्हां नातेवाइकांस ती कोण शिकविणार? "डॉक्टर, काय वाटेल ते करा, काही कमी पडू देऊ नका," हे वाक्य अतिदक्षता विभागाच्या दाराशी प्रत्येक पुत्र उच्चारतो. त्यात प्रेम आहे, भय आहे, आणि चार लोक काय म्हणतील ही धास्तीही आहे. परंतु 'काय वाटेल ते' हे कोणाच्या हितासाठी, असा प्रश्न त्या क्षणी कोणी विचारीत नाही; विचारला तर तो निष्ठुर ठरतो.

येथे आपल्या अफझलगंजाचीच एक जुनी कथा सांगावीशी वाटते. सांप्रत उस्मानिया दवाखाना जेथे आहे तेथे पूर्वी अफझलगंज दवाखाना होता. १९०८ च्या सप्टेंबरातील मुसीच्या महापुराने तो उद्ध्वस्त केला. त्या पुरात ज्या चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली, ते झाड आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. त्याच्याही वीस वर्षे आधी, सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या अमदानीत, येथील शल्यवैद्य डॉ. एडवर्ड लॉरी यांनी क्लोरोफॉर्मसंबंधी एक चौकशी मंडळ नेमून घेतले. क्लोरोफॉर्मने भूल देताना माणसे अकस्मात दगावत. दोष हृदयाचा की श्वासाचा, हा वाद तेव्हा साऱ्या जगात चालला होता. लॉरीसाहेबांचे मत असे की, श्वास नेहमी आधी थांबतो, हृदय मागून. यास्तव भूल देणाऱ्याने नाडीवर बोट ठेवण्याऐवजी श्वासावर नजर ठेवावी, म्हणजे भय नाही. १८८८ च्या पहिल्या मंडळाने त्यांस दुजोरा दिला. 'लॅन्सेट'ने तो मानला नाही, तेव्हा निजामाने एक हजार पौंड देऊन त्या पत्राचा प्रतिनिधीच येथे बोलाविला. डॉ. लॉडर ब्रंटन १८८९ साली हैदराबादेस आले, दुसरे मंडळ बसले, शेकडो मुक्या प्राण्यांवर प्रयोग झाले (ही गोष्ट लिहिताना आमची लेखणी अडखळते, हे लपवीत नाही), आणि निष्कर्ष तोच निघाला. याच सुमारास येथील वैद्यकीय शाळेतून बाहेर पडलेल्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी या पारशी विदुषींनी भूल देण्याचे काम हाती घेतले. जगातील अगदी पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. आपल्या शेजारची ही स्मृती आपण जपली पाहिजे.

परंतु लॉरीसाहेबांचा सिद्धांत अपुरा ठरला. १९११ साली लेव्ही नामक इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, भूल हलकी असताना क्लोरोफॉर्म हृदयाची लय एकाएकी बिघडवू शकतो, आणि तेव्हा हृदयच प्रथम दगा देते. श्वासावर नजर ठेवा, ही शिकवण चांगलीच होती आणि आजही भूलतज्ज्ञ ती पाळतात. पण श्वास ठीक आहे म्हणून सर्व ठीक आहे, हा तिच्यातून काढलेला अर्थ घातक होता. एका खुणेवर सर्व भार टाकल्याने ही चूक झाली.

आता आपली स्थिती पाहा. छाती वरखाली होत आहे, पडद्यावर हिरवी रेघ धावत आहे, तेव्हा वडील 'आहेत', असे आपण समजतो. परंतु ती छाती यंत्र हलवीत आहे. मूत्रपिंडे, यकृत, मेंदू, रक्ताभिसरण यांचे काय झाले, हे त्या हालचालीवरून कळत नाही. लॉरीसाहेबांनी श्वासाच्या भरवशावर हृदयाकडे दुर्लक्ष केले. आपण श्वासाच्या भरवशावर माणसाकडे दुर्लक्ष करतो.

यावर कोणी म्हणेल, श्वास म्हणजेच प्राण, आणि आपल्या शास्त्रांनी तर प्राणासच श्रेष्ठत्व दिलेले आहे. खरे आहे. छांदोग्य उपनिषदातील इंद्रियांच्या भांडणाची कथा कीर्तनातून आपण ऐकलेली असते. वाणी वर्षभर देह सोडून गेली, देह मुका होऊन जगला. डोळे गेले, कान गेले, मनही गेले, तरी देह कसाबसा जगला. पण प्राण निघावयास लागताच बाकी सर्व इंद्रिये, दावणीच्या खुंट्या उपटल्या जाव्या तशी, उपटली जाऊ लागली. मात्र या कथेतील प्राण म्हणजे नाकातून जाणारी हवा नव्हे. जो निघाला असता सर्वांस ओढून नेतो, आणि राहिला असता सर्वांस धरून ठेवतो, तो प्राण. यंत्राने आत लोटलेली हवा ज्या देहात काहीच धरून ठेवू शकत नाही, तेथे हवेस प्राण म्हणणे हे शब्दांशी खेळणे होय, असे आम्हांस वाटते.

त्याच उपनिषदात आणखी एक प्रसंग आहे आणि तो आम्हांस अधिक हलवून सोडतो. आजारी माणसाभोवती नातलग बसले आहेत आणि पुन्हा पुन्हा विचारीत आहेत, मला ओळखलेस का, मला ओळखलेस का. त्याची वाणी मनात, मन प्राणात, प्राण तेजात आणि तेज परम तत्त्वात लीन होईपर्यंत तो ओळखतो. त्यानंतर ओळखीत नाही. ऋषींनी येथे कोणास दोष दिलेला नाही. नातलगांनी विचारू नये असे म्हटलेले नाही, आणि रोग्याने थांबावे असेही नाही. क्रमाने मागे सरणे हे जाण्याचेच स्वरूप आहे, एवढे सांगितले आहे.

महाराष्ट्रास स्वेच्छेने देह ठेवण्याची परंपरा अपरिचित नाही. सावरकरांनी १९६६ च्या फेब्रुवारीत अन्नपाणी वर्ज्य करून देह ठेवला, आणि त्यापूर्वी आत्महत्या व आत्मार्पण यांतील भेद लेखाने मांडून ठेवला होता. विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरात पवनार येथे औषध, अन्न आणि पाणी नाकारले. या दोघांच्या विचारांत जमीन-अस्मानाचे अंतर होते, पण शेवटच्या पावलाचा मार्ग एकच. तथापि त्यांच्या उदाहरणाने आपल्या गृहस्थांचा प्रश्न सुटत नाही. ते दोघेही बोलू शकत होते. गुंगीच्या औषधाखाली, घशात नळी घातलेला माणूस बोलू शकत नाही. त्याच्या वतीने दुसऱ्यास बोलावे लागते, आणि सारे ओझे या 'वतीने' शब्दात आहे.

या ओझ्याची सर्वांत कठोर परीक्षा मुंबईत झाली. अरुणा शानभाग या परिचारिकेवर १९७३ साली के. ई. एम. रुग्णालयात अमानुष हल्ला झाला आणि पुढील ४२ वर्षे त्या त्याच रुग्णालयात अचेतप्राय पडून होत्या. त्यांचे कृत्रिम पोषण थांबवावे, अशी याचना एका लेखिकेने सर्वोच्च न्यायालयात केली. रुग्णालयाच्या परिचारिकांनी तीस विरोध केला. २०११ साली न्यायालयाने याचना फेटाळली आणि सांगितले की, ज्यांनी इतकी वर्षे त्यांस अंथरुणाचे व्रण पडू दिले नाहीत, त्या रुग्णालयाच्या लोकांसच त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार आहे. मात्र त्याच निकालात, योग्य बंधने पाळून जीवनाधार काढता येतो, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले. २०१५ च्या मे महिन्यात न्यूमोनियाने अरुणाबाईंचे निधन झाले. या निकालाचा तात्पर्यार्थ आम्ही असा घेतो की, वतीने बोलण्याचा हक्क रक्ताच्या नात्याने आपोआप मिळत नाही, तो शुश्रूषेने मिळवावा लागतो. परदेशातून विमानाने उतरून "काहीही झाले तरी यंत्र काढू नका" असे बजावणाऱ्या, किंवा "आता पुरे करा" असे फर्मावणाऱ्या आप्तांनी हे ध्यानात घ्यावे.

परधर्मीयांनीही हा विचार केलेला आहे. १९५७ च्या नोव्हेंबरात भूलतज्ज्ञांनी विचारलेल्या प्रश्नांस उत्तर देताना पोप पायस बारावे यांनी सांगितले की, जीवनरक्षणासाठी सामान्य उपाय करणे हे कर्तव्य आहे, असामान्य उपाय करणे बंधनकारक नाही, आणि आशा उरली नसता श्वसनयंत्र थांबविणे म्हणजे हत्या नव्हे. यंत्र तेव्हा अवघ्या पाच वर्षांचे होते. प्रश्न मात्र तेव्हाच पुरा वाढलेला होता.

एवढ्यावरून आम्ही यंत्र काढण्याच्या बाजूचे आहोत, असा कोणी ग्रह करून घेऊ नये. उलट चूकही तितकीच होते, आणि आपल्या समाजात कदाचित अधिक होते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ५० देशांतील पाहणीत या विकाराचे शंभरांतील सुमारे ४० रोगी रुग्णालयातच दगावले, असे दिसले. याचा दुसरा अर्थ असा की ६० वाचले. हा विकार कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेसारखा एकाच दिशेने जाणारा नाही. दाह ओसरला तर फुप्फुस पुन्हा उघडते. आपल्या भजनी मंडळातील एका भगिनींची गोष्ट सांगतो. स्क्रब टायफसच्या तापातून त्यांस हाच विकार जडला. सहाव्या दिवशी घरच्यांचा धीर सुटला. खर्च हाताबाहेर गेला होता. "तिला उगाच हाल नकोत, घरी नेऊ" असे ठरत आले. एका तरुण डॉक्टरने हात जोडून आणखी चार दिवस मागितले. मूत्रपिंडे चालू आहेत, मूळ तापास औषध लागू पडत आहे, प्राणवायूची गरज कालपेक्षा थोडी कमी आहे, असे त्याने आकडे दाखवून समजाविले. अकराव्या दिवशी नळी निघाली. आज त्या तुळशीमाळा ओवीत सभामंडपात बसलेल्या असतात.

या दोन घरांत भेद कोणता? यंत्र तेच, विकार तोच, दिवसही जवळजवळ तेवढेच. एका ठिकाणी उसन्या श्वासाच्या आड काहीतरी परत येत होते. दुसऱ्या ठिकाणी एकेक अवयव निघून जात होता. म्हणून "किती दिवस झाले?" हा प्रश्न निरर्थक आहे. "कालच्या मानाने आज काय परत आले?" हा विचारावयाचा प्रश्न आहे, आणि तो रोज, न लाजता, डॉक्टरांस विचारावा. उत्तर चांगले येत असेल तर चाळिसाव्या दिवशीही यंत्र चालू ठेवणे हे कर्तव्य. उत्तर सर्व बाजूंनी वाईट येत असेल तर ते चालू ठेवणे हे रोग्यापेक्षा आपल्या समाधानासाठी असते.

आणि पैशाविषयी एक अप्रिय गोष्ट लिहिणे भाग आहे. "हाल नकोत" हे शब्द पुष्कळदा रिकाम्या थैलीवर पांघरलेले वस्त्र असते. ज्यांच्यावर ही वेळ आली त्यांस आम्ही दोष देत नाही. दागिने मोडून, घर गहाण टाकून बिले भरणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. परंतु आशा असताना पैशाअभावी श्वास थांबला तर ते पाप त्या घराचे नसून आपणा सर्वांचे आहे. शेजारच्या सदस्याने देवळाच्या पेटीत टाकलेली नोट आणि अतिदक्षता विभागाचे बिल यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, असे समजणारा समाज दानधर्म कशास म्हणतो, हे आम्हांस कळत नाही.

वाचलेल्यांविषयीही थोडे. टोरांटो येथे अशा १०९ रोग्यांवर वर्षभर लक्ष ठेवून २००३ साली जे प्रसिद्ध करण्यात आले त्यावरून दिसते की, फुप्फुसे बहुतांशी सावरतात, पण स्नायूंची शक्ती लवकर परत येत नाही. वर्षाअखेर निम्म्यांच्या आसपासच लोक कामावर जाऊ शकले होते. पुष्कळांस झोप लागत नाही, वाईट स्वप्ने पडतात, विसर पडतो. आपल्या त्या भगिनी पायऱ्या चढताना तीनदा थांबतात, तेव्हा मागून कुजबुज ऐकू येते की, "एवढा पैसा ओतला, तरी पूर्वीसारखी झाली नाही." ही कुजबुज थांबावी. हात देऊन वर आणावे.

राहता राहिला कायदा. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सन्मानाने मरण येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि शुद्धीवर असताना लिहून ठेवलेले वैद्यकीय इच्छापत्र ग्राह्य ठरविले. प्राण घेण्यासाठी इंजेक्शन देणे आजही गुन्हाच आहे; येथे प्रश्न केवळ निरुपयोगी झालेला आधार काढण्याचा आहे. २०२३ च्या जानेवारीत ही रीत सोपी करण्यात आली. दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरीपुढे किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे इच्छापत्र साक्षांकित करावे, आपल्या वतीने कोणी बोलावे त्यांची नावे त्यात लिहावी. वेळ आली म्हणजे रुग्णालयातील डॉक्टरांचे एक मंडळ आणि त्यानंतर दुसरे मंडळ असा दोनदा विचार होतो. इच्छापत्र नसेल तरी, जवळच्या आप्तांच्या संमतीने, याच मार्गाने जाता येते. गोव्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २०२४ साली स्वतःचे असे इच्छापत्र नोंदवून उदाहरण घालून दिले. मृत्युपत्र लिहून घरदार वाटणारी आपली मंडळी स्वतःच्या शेवटच्या पंधरा दिवसांविषयी एक ओळ लिहीत नाहीत, आणि मग मुलाच्या हाती लेखणी देऊन जातात.

त्या गृहस्थांस आम्ही एवढेच सांगितले की, तुम्ही जे थांबविले तो वडिलांचा श्वास नव्हता. तो यंत्राने उसना दिलेला होता, आणि ज्याच्यासाठी तो घेतला ते परत येणार नाही हे कळल्यावर तुम्ही तो परत केला. त्यांनी ते ऐकून घेतले. त्यांचे पूर्ण समाधान झाले, असे आम्ही म्हणणार नाही. थोड्या वेळाने त्यांनी दुसरेच काही विचारले: "अकरा दिवस रोज भेटीच्या वेळी मी त्यांच्या कानाशी विष्णुसहस्रनाम म्हणत होतो. त्यांस ते ऐकू आले असेल काय?"

आम्ही त्यांस आमच्या त्या भगिनींकडे नेले. त्या म्हणाल्या, "दादा, मला दिवसरात्र कळत नव्हती, माणसे ओळखू येत नव्हती, भलभलते दिसत होते. पण आमच्या घरच्यांचा आवाज येत असे. शब्द नव्हे, आवाज. तो आला की मी थोडी निवांत होत असे." नळीवरून परत आलेले पुष्कळ रोगी असेच सांगतात, आणि म्हणूनच चांगल्या परिचारिका गुंगीतील रोग्याशीही नाव घेऊन बोलतात, हे आम्हांस डॉक्टरांकडून नंतर कळले.

गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी वडिलांच्या वर्षश्राद्धाची तिथी सांगून त्या दिवशीच्या सहस्रनामासाठी सभामंडप मिळेल का, असे विचारले. तो आम्ही त्यांच्या नावे लिहून ठेवला आहे.